मामा एका पायावर

मामावर सूड उगवायचा हे फूटपट्टीने सकाळी दात घासताना ठरवलं आणि चूळ भरेपर्यंत तिची योजना तयार होती. योजना भिकार होती हे पुढे कळलं, पण चूळ भरली की माणसाला आपलं डोकंही धुऊन निघाल्यासारखं वाटतं.

फूटपट्टी हे तिचं गल्लीतलं नाव. खरं नावही होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. लहानपणापासून तिला सगळं सरळ लागे. कुणी "जरासं" किंवा "बऱ्यापैकी" म्हणालं की ती "म्हणजे किती?" असं विचारायची. अशा मुलीला एक तर शिव्या मिळतात नाही तर नोकरी. तिला दोन्ही मिळालं. नोकरी होती वस्त्या मोजायची.

शहराच्या कुठल्या भागात लहान मुलं कशी वाढतात आणि तिथल्या परिस्थितीचा त्या वाढीशी काय संबंध असतो, हे शोधायला एक संस्था निघाली होती. संस्थेची एक टोळी घरोघर जाऊन चार वर्षांच्या पोरांना ठोकळे रचायला लावायची, एका पायावर उभं करायची, कागदावर माणूस काढायला सांगायची. दुसरी टोळी, म्हणजे फूटपट्टीची, रस्त्यारस्त्याने हिंडून भाग कसा आहे ते टिपायची. कचरा, फुटक्या काचा, मोकाट कुत्री, भर दिवसा रिकामे बसलेले बाप्ये, गोंगाट, सगळं. मग दोन्हींची सांगड घालून कागदावर प्रत्येक भागाचा एक ठिपका मांडायचा. भाग जितका चांगला तितका ठिपका उजवीकडे आणि मुलं जितकी तल्लख तितका वर. सगळे ठिपके डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याकडे शाळेच्या रांगेसारखे चढत जायचे. अर्थ असा की परिस्थिती बरी असली की पोरं बरी वाढतात. हे सांगायला एवढे ठोकळे कशाला लागले, असं फूटपट्टीच्या आईचं मत होतं, पण ठोकळे संस्थेचे होते, आईचे नव्हते.

ठिपके मांडून झाले की नकाशा निघे, आणि नकाशात परिस्थितीने तळाचे भाग लाल रंगवले जात. मागच्या नकाशात फूटपट्टीची गल्ली लाल होती. एवढी ठसठशीत लाल, की छापणाऱ्याचा शाईचा डबा सांडला असावा. लाल होण्यात एकच फायदा होता. नगरपालिकेने जाहीर केलं होतं की पुढच्या मोजणीत जो भाग परिस्थितीने सगळ्यात खाली येईल तिथे बालघर बांधून मिळेल: खेळणी, शिकवणारी बाई, आठवड्याला येणारी नर्स, आणि आयांना कामावर जाता यावं म्हणून दिवसभर उघडं दार. गल्ली निर्धास्त होती. बाकी कशातही गल्लीचा नंबर लागला नसता, पण शेवटचा नंबर तिच्या हक्काचा होता. फूटपट्टीच्या थोरल्या बहिणीने तर बालघराच्या भरवशावर शिलाईच्या कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. तिची चार वर्षांची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणत, दिवसभर सांभाळणार कोण, हा एकच प्रश्न अडला होता, आणि तो बालघर सोडवणार होतं.

गल्लीच्या मागे एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे कॉलनी. कॉलनीचा अध्यक्ष हा फूटपट्टीचा सख्खा मामा.

मामा याच गल्लीत, याच घरात जन्मला. अक्काने, म्हणजे फूटपट्टीच्या आईने, त्याला कडेवर घेऊन वाढवलं. पुढे तो फरशांच्या दुकानात लागला, मग दुकानाच्या मालकाच्या मुलीला लागला, आणि भिंतीपलीकडे गेला. भिंत तेव्हा कमरेएवढी होती. मामा अध्यक्ष झाल्यावर ती वाढली.

तर झालं असं, की त्या भिंतीला वळसा घालून भिंगरी एका सकाळी कॉलनीच्या बागेत शिरली आणि घसरगुंडीवर चढली. रखवालदार माणूस बरा होता. मुलगी म्हणते अध्यक्ष माझे आजोबा, तेव्हा उतरवण्याआधी विचारलेलं बरं, म्हणून त्याने तिला हाताला धरून मामापुढे उभं केलं. मामा बाकावर चार जणांत चहा पीत होता. त्याने भिंगरीकडे पाहिलं. मग कपात पाहिलं.

"लाल गल्लीतली पोरं कुणालाही आजोबा म्हणतात," मामा म्हणाला. "फाटकाबाहेर सोडून या."

चार जण हसले. भिंगरीने हे घरी येऊन शब्दन् शब्द सांगितलं, कारण चार वर्षांची पोरं सांगितलेलं विसरतात पण ऐकलेलं विसरत नाहीत. त्या दिवसापासून तिने गोल गोल फिरणं सोडलं. नाव भिंगरी आणि बसून राहायची कोपऱ्यात, एखाद्या निवृत्त माणसासारखी.

आई म्हणाली, जाऊ दे, चार माणसांत होता बिचारा. ताई शिवत बसली. सुई मात्र अशी चालवत होती की कापडाने काय केलं होतं कोण जाणे. आणि फूटपट्टी दात घासायला गेली.

योजना अशी. येत्या मोजणीत कॉलनी तिच्याच वाट्याला आली होती. कॉलनी लाल करायची. एकदा नकाशावर लाल झाली की मामा अध्यक्ष राहील, पण कशाचा? लाल कॉलनीचा. मग तो चार माणसांत चहा कसा पितो ते पाहू.

यात एक अडचण होती. खोटं लिहिणं फूटपट्टीच्या तत्त्वात बसत नव्हतं. जे दिसेल तेच लिहायचं, हा नोकरीचा पहिला नियम, आणि तिच्या स्वभावाचाही. शिवाय मोजायला नेहमी दोघं जातात, एकमेकांशी न बोलता लिहितात आणि शेवटी दोघांचं जुळावं लागतं. तिचा जोडीदार एक निवृत्त पोस्टमन होता. त्याला सगळे तंतोतंत म्हणत. तो एकदा "कुत्रा, अंदाजे" असं लिहून घरी गेला आणि झोप न आल्यामुळे सकाळी परत जाऊन कुत्र्याची खात्री करून आला होता. त्याला फितवणं म्हणजे वजनकाट्याला लाच देण्यासारखं होतं.

तेव्हा लिखाणाला हात न लावता कॉलनीच बदलायची, असं ठरलं. एका सकाळपुरती.

फूटपट्टीने पहिला गाठला तो स्वतःचा भावोजी. भावोजी बराच काळ कामाच्या शोधात होता आणि आता कामाला त्याचा शोध लागला. काम होतं रिकामं बसायचं. भावोजी म्हणाला, हे तर मी फुकटातही करतो. त्याने आणखी काही अनुभवी माणसं जमवली. कचरागाडीवाल्याने कबूल केलं की त्याची गाडी कॉलनीच्या फाटकात बंद पडेल, आणि पडताना थोडी सांडेलही. भंगारवाल्याने फुटक्या काचा दिल्या, उसन्या, परत करण्याच्या बोलीवर. भोंगे दुरुस्त करणाऱ्याने सगळे भोंगे त्याच सकाळी तिथेच तपासायचं मान्य केलं. कुत्र्यांचं खाटकाने पाहिलं. त्याने हाडांची गोणी कॉलनीच्या रस्त्याने अशी ओढत नेली, की गल्लीतलं शेपूट असलेलं एकूण एक जनावर तिच्या मागे शिस्तीत गेलं. भिंगरीवरून सगळेच पेटले होते. गल्ली एरवी एका नळावर एकमेकांच्या झिंज्या धरायची, पण त्या सकाळी तिच्यात अशी एकी होती की परचक्र आलं असतं तर परत गेलं असतं.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं, फक्त रिकामी माणसं ऐनवेळी दगा द्यायला लागली. फूटपट्टी आणि तंतोतंत फाटकातून आत आले तर भावोजी एका बंगल्याचा गळका नळ आवळत होता. एक जण रखवालदाराच्या सायकलची साखळी बसवत होता. तिसरा कुणाच्या तरी कुंपणाची वेल कापत होता, आणि छान कापत होता. परक्या दारात नुसतं बसायचं त्यांना कसंसंच वाटायला लागलं होतं. तंतोतंतने चष्मा पुसला. फूटपट्टी बुटाची नाडी बांधायला भावोजीपाशी वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "बसा म्हटलं ना. नळ आवळायला बोलवलं असतं तर पैसे दिले असते." भावोजी पान्हा खिशात घालून ओशाळत बसला. त्याला बसलेला पाहून बाकीचेही बसले. तंतोतंतने त्यांच्या नावे रेघा ओढल्या.

मग कुत्री, काचा, कचरा. भोंग्यांतून कुणीतरी "हॅलो, हॅलो, एक दोन" असं जगाला सांगत होतं. कॉलनीतल्या आया खिडक्या लावत होत्या आणि कॉलनीतली पोरं पुन्हा उघडत होती, कारण त्यांच्या जन्मात एवढी मजेची सकाळ उगवली नव्हती. मामा गाऊनमध्ये बाहेर येऊन "हे काय चाललंय" असं कुणाला विचारावं हे शोधत उभा होता. तंतोतंतने त्यालाही रिकाम्या बाप्यांत धरलं. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. दोघांची टिपणं जुळली ती अशी, जणू एकाच हाताने लिहिली.

त्या संध्याकाळी फूटपट्टी शीळ घालत घरी आली. मुलींनी शीळ घालू नये असं आई म्हणाली, आणि फूटपट्टीने अजून मोठ्याने घातली.

निकालाच्या दिवशी तिला डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. डॉक्टरबाई संस्थेच्या प्रमुख. त्या औषधाच्या डॉक्टर नव्हेत, पण वस्तीत गेल्या की लोक त्यांना जीभ काढून दाखवायचे, आणि त्या बिचाऱ्या बघायच्याही. त्यांच्या टेबलावर ठिपक्यांचा कागद होता आणि चेहऱ्यावर कुणाला तरी बाळ झाल्याचा आनंद.

"हा बघ," त्या म्हणाल्या.

सगळे ठिपके रांगेत होते. एकच ठिपका रांग सोडून डावीकडे वरच्या कोपऱ्यात एकटा बसला होता. शहरातली सगळ्यात वाईट परिस्थिती आणि शहरातली सगळ्यात तल्लख मुलं. ती कॉलनी होती. ठोकळेवाली टोळी तिथे दुसऱ्या दिवशी गेली होती. पोरांनी ठोकळे छतापर्यंत नेले, आणि "काल काय पाहिलंस ते सांग" या प्रश्नाला कुत्रे, भोंगे आणि सांडलेली गाडी यांची अशी वर्णनं केली की लिहून घेणाऱ्या मुलीचा हात भरून आला. डॉक्टरबाईंच्या मते हा चमत्कार होता. इतक्या हलाखीत ही मुलं इतकी उमलतात कशी, यावर त्यांना आता सगळं आयुष्य वाहायचं होतं.

फूटपट्टीला धक्का बसला. पण तो पहिलाच. दुसरा पुढच्या वाक्याला बसला. डॉक्टरबाईंनी कागदाच्या दुसऱ्या टोकाला, उजवीकडे पार खाली, एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि सुस्कारा सोडला. हा तिच्या गल्लीचा ठिपका. गल्ली त्याच दिवशी, त्याच वेळेला, दुसऱ्या जोडीने मोजली होती. त्यांना तिथे एकही कुत्रं दिसलं नव्हतं. एकही माणूस रिकामा बसलेला नव्हता. कचरा नाही, काच नाही, गोंगाट नाही, इतकी शांतता की एका मोजणाऱ्याने शेऱ्यात "निवांत" असं लिहिलं होतं. कुत्री शेवटी तीच होती, आणि एका वेळी एकाच ठिकाणी असायची त्यांना जन्मजात खोड होती.

म्हणजे उत्तम गल्ली, आणि तरी तिथली मुलं मागे. डॉक्टरबाई हळुवारपणे म्हणाल्या, की अशा वेळी दोष परिस्थितीचा धरता येत नाही, पालकांकडे पाहावं लागतं. बालघर अर्थातच कॉलनीला. गल्लीला पालकांसाठी व्याख्यान.

व्याख्यान झालं. एक गोड बाई आल्या आणि "मुलांशी बोला" असं ताईला सांगून गेल्या. ताई तेव्हा भिंगरीशी बोलतच होती, मध्येच थांबून तिने ते ऐकून घेतलं. कारखान्यातली जागा दुसऱ्या बाईने घेतली. काही महिन्यांनी आणखी एक जागा निघणार होती, पण भिंगरीला ठेवायचं कुठे, हे घोडं तिथेच अडलं. ताई फूटपट्टीला एवढंच म्हणाली, "तू माझ्यासाठी काही करू नकोस. केलंस तर आधी सांग, मी गाव सोडते." भावोजीने सांत्वन केलं, की आपण बसलो मात्र चांगले.

आणि मामा? मामा लाजेने काळाठिक्कर पडायला हवा होता. मामा फुलला. त्याच्याकडे पाहुणे यायला लागले, वह्या घेऊन, कॅमेरे घेऊन. इतक्या बिकट परिस्थितीत तुम्ही ही मुलं कशी घडवलीत, असं त्याला विचारायचे. मामा आधी दचकला, मग त्याला चव लागली. बाकावर बसून तो सांगू लागला, की आमच्या कॉलनीने काय काय सोसलंय ते आमचं आम्हाला माहीत. गाऊनऐवजी तो जुना सदरा घालू लागला. पाहुणे यायच्या दिवशी रखवालदाराला बाहेरून एखादं कुत्रं धरून आणायला सांगायचा. बालघर त्याच बागेत, घसरगुंडीशेजारी बांधायचं ठरलं, आणि कॉलनीतल्या मुलांना घरोघरी पगारी आया असल्यामुळे तिथे नेमकं जाणार कोण, हे विचारणं कुणालाच शोभलं नाही.

फूटपट्टीने नियम चाळले. खरं सांगितलं असतं तर तिची नोकरी गेली असती, आणि घर तिच्या नोकरीवर चालत होतं. शिवाय खरं सांगून मामाला काय झालं असतं? काही नाही. नियमांत आणखी एक वाट होती. एखाद्या भागाने "आम्हाला चुकून कमी लेखलं" असा अर्ज केला की त्या दिवशीचे सगळे भाग पुन्हा मोजावे लागत, न कळवता. गल्ली असा अर्ज करू शकत नव्हती. आम्हाला चुकून चांगलं म्हटलं, अशी तक्रार जगात कुणी केली नसल्याने तिची सोय नव्हती. अर्ज करू शकत होता फक्त कॉलनीचा अध्यक्ष. आणि अध्यक्ष सदरा घालून मुलाखती देत होता.

फूटपट्टी थांबली. थांबणं तिला जमायचं, तो तिच्या कामाचाच भाग होता.

मामाला टेकडीवर जायचं होतं. टेकडीवर कॉलनीपेक्षाही वरचे लोक राहत, आणि त्याने तिथे घर पाहून ठेवलं होतं, कॉलनीतलं विकून. गिऱ्हाईक ठरलं होतं. मग नकाशा छापून आला. गिऱ्हाइकाने नकाशा पाहिला, फाटकातलं कुत्रं पाहिलं, जे मामानेच आणून बांधलं होतं, आणि नम्रपणे नाही म्हटलं. दुसरं गिऱ्हाईक फाटकापर्यंतही आलं नाही. मामी माहेरी जायची भाषा बोलू लागली. माहेर दोन घरं सोडून होतं, तरी धमकी ती धमकी.

आणि एका दुपारी, भिंतीला वळसा घालून, मामा गल्लीत आला.

किती वर्षांनी आला हे कुणालाच सांगता येईना, पण कुत्री त्याच्यावर भुंकली. गल्ली दारादारांत आली. आई घराच्या उंबऱ्यावर उभी राहिली, हात पदराला पुसत. मामाने तिच्याकडे न पाहता फूटपट्टीला हाक मारली. "अगं बाळा," तो म्हणाला. फूटपट्टीला त्याने बाळा म्हटल्याचं तिच्या आठवणीत पहिल्यांदाच घडत होतं.

त्याने बरंच सांगितलं. कॉलनीवर अन्याय झालाय, तो काही कुणाचा दोष नाही, तूच मोजलंस असं कळलं, तू घरचीच, तेव्हा पुन्हा मोजून टाक. फूटपट्टीने ऐकून घेतलं. अर्जाचा कागद काढला. मामाने सही केली, झरझर, अध्यक्षांची असते तशी. इथेच काम झालं होतं. आता गल्ली पुन्हा मोजली जाणार, बालघर जिथे यायचं तिथे येणार. फूटपट्टीला कागद घडी करून पिशवीत ठेवता आला असता.

"आता तुमची चाचणी," ती म्हणाली.

"माझी?"

"अर्जदाराची घ्यावी लागते. भागाचं मोजायचं तर माणसाचंही मोजायचं, दोन्ही बाजू नकोत का?"

असा नियम कुठेही नव्हता. पण फूटपट्टी खोटं बोलेल हे गल्लीत कुणाच्या मनात आलं नसतं, आणि मामाच्या मनात टेकडीशिवाय काही नव्हतं. ठोकळेवाल्या टोळीची पेटी तिने शेजारच्या घरातून मागवली, कारण टोळी त्या आठवड्यात तिथेच सामान ठेवत होती. मामाने आजूबाजूला पाहिलं. दारं भरली होती. खाटीक सुरी हातात घेऊनच आला होता, म्हणाला, मी मध्येच उठून आलोय.

"आत घेऊ या का?" मामा हळूच म्हणाला.

"उजेड लागतो," फूटपट्टी म्हणाली. "आणि सूचना छापील असतात, मामा. शब्द बदलता येत नाहीत. रागावू नका." मग तिने कार्ड समोर धरलं आणि सपाट आवाजात वाचलं: "चल, आता एका पायावर उभा राहून दाखव बघू."

मामाने चपला काढल्या. एक पाय उचलला. गल्ली श्वास रोखून पाहत होती, जणू डोंबारी दोरीवर चढलाय. तो डावीकडे झुकला, हवेत हात मारले आणि कचरागाडीवाल्याच्या खांद्यावर आला.

"आधार घेतला," कचरागाडीवाला म्हणाला, साक्ष द्यावी तसा.

दुसऱ्या खेपेला तो भोंगेवाल्याच्या अंगावर गेला. तिसऱ्या खेपेला उभा राहिला. पोट आत घेऊन, डोळे मिटून, कानशिलं लाल करून उभा राहिला, आणि फूटपट्टीला मनापासून वाईट वाटलं, कारण तिला गुण द्यावे लागले. दिसेल ते लिहायचं.

ठोकळे त्याने बरे रचले. फरशांचा धंदा होता. कागदावर माणूस काढ म्हटल्यावर त्याने कोट घातलेला माणूस काढला आणि त्याला हात काढायचे राहून गेले. भिंगरी पुढे येऊन म्हणाली, "याला हातच नाहीत." गल्ली फिसकन हसली. मामाने मान खाली घातली. भिंगरीला त्याने तेव्हा प्रथम नीट पाहिलं असावं, पण ओळख दाखवायला ती वेळ नव्हती आणि नव्हती म्हणून बरंच झालं.

शेवटचा प्रश्न राहिला होता. फूटपट्टीने पेटीतून वाळूचं छोटं घड्याळ काढलं आणि उंबऱ्यावर उलटं ठेवलं.

"तुझ्या घरात कोण कोण आहे? मला सगळ्यांची नावं सांग."

हे सोपं होतं. मामाने दम घेतला. बायकोचं नाव सांगितलं. मुलाचं सांगितलं. सुनेचं सांगितलं. मग थोडं थांबून कुत्र्याचं, पाहुण्यांसाठी आणलेल्या नव्हे, आधीच्या, पाळलेल्या. वाळू बरीच उरली होती.

"आणखी कोण?" कार्डावर एवढंच विचारायची मुभा होती.

"ड्रायव्हर," मामा म्हणाला.

कुणी हसलं नाही. मामाची नजर वाळूवरून वर गेली आणि उंबऱ्यावर थांबली. तिथे आई उभी होती. तिने हात पुसायचं थांबवलं होतं. भावाच्या तोंडाकडे ती अशी पाहत होती, जसं पोराच्या तोंडाकडे घास नेताना आपलंच तोंड उघडतं. त्याचे ओठ हलले. मिटले. फूटपट्टी सुचवू शकत नव्हती, आणि सुचवता आलं असतं तरी तिने सुचवलं नसतं. शेवटचे कण खाली गेले.

"अक्का," मामा म्हणाला.

आईने डोळ्याला पदर लावला. "घेतलं हो नाव," ती म्हणाली. "लिही की गं."

"वाळू संपल्यावरचं धरत नाहीत, आई."

"एवढ्याशाने काय होतंय?"

"म्हणजे कितीशाने?" फूटपट्टी म्हणाली, आणि शून्य काढलं. गोल, नीट, टोकाला टोक जुळवून.

मामा चपला घालत होता. एका चपलेत पाय जाईना. घाबरलेली पोरं विचारतात तसं त्याने विचारलं, मला किती मिळाले? तेव्हा फूटपट्टीने, प्रत्येक पोराला शेवटी एकाच आवाजात म्हणायचं जे वाक्य कार्डाच्या तळाशी छापलेलं असतं, ते त्याला म्हणून दाखवलं.

"छान केलंस हं. आता घरी जा."

तो गेला. आई त्याच्या मागोमाग वळणापर्यंत गेली, काही तरी बोलत. काय, ते ऐकू आलं नाही.

पुन्हा मोजणी झाली. तंतोतंतने दोन्हीकडे जाऊन दोन्हीकडची कुत्री आपापल्या जागी असल्याची खात्री केली. गल्ली तळाला गेली आणि लोकांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. डॉक्टरबाईंचा चमत्काराचा ठिपका रांगेत जाऊन बसला. त्या काही दिवस उदास होत्या, मग दुसरा कुठला तरी ठिपका त्यांना सापडला. बालघराचा पाया नळाशेजारी खणला. बालघर उघडलं की यायचं, या बोलीवर ताईला कारखान्यातली ती पुढची जागा मिळाली. भिंगरी खणलेल्या मातीवर फिरू लागली, आधी हळू, मग चक्कर येईपर्यंत. मामा टेकडीवर गेला. तिथे त्याला अध्यक्ष कुणी केलं नाही, एवढं कळलं.

आईने बरेच दिवस तो विषय काढला नाही. मग एकदा भाजी निवडताना, मान वर न करता विचारलं, "त्या दिवशीचं ते खरंच कुठल्या नियमात होतं का गं?"

"नव्हतं," फूटपट्टी म्हणाली.

आई देठं मोडत राहिली. "तो लहानपणी असाच होता," ती म्हणाली. "एकदा मनात धरलं की धरलं. तू त्याच्यावर गेलीस."

"गेले तर गेले," फूटपट्टी म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक काढायला बसली.